इथे नान मिळणार नाही

रविवार, ५ एप्रिल २०१५

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. पण एका माणसाने एक मेलेलं गाव कसं उठवलं, त्याची नोंद कुठेतरी असावी.

जपानच्या राजधानीतली, तोयोसूतली आयटीची नोकरी सोडली, त्याला महिना झाला. कल्पनाला इथल्या संशोधन केंद्रात नदीतल्या शेवाळावर काम मिळालं म्हणून निशी-कसाईची भारतीय वस्ती सोडून इथे आलो. बायको शेवाळ बघते. मी गाव बघतो.

गाव एके काळी देखणं असणार. नदी, काठाला पांढऱ्या जाड भिंतींची जुनी गोदामं, मधून बाजाराची गल्ली. २०११च्या भूकंपात भिंतींचं प्लास्टर कोसळलं आणि निम्म्या दुकानांची शटरं खाली आली ती आलीच. उरलेल्यांत म्हातारे. आता रिव्हायव्हल चालू आहे. म्हणजे काय, तर रंगीत झेंडे, दर मंगळवारी मीटिंग, आणि मॅस्कॉट म्हणून माशाच्या पोशाखातला एक घामाघूम इसम. तो काल गळ्यात पडला. आंबट वास. घरी येऊन अंघोळ केली.

माझा प्लॅन साधा आहे. गोदामात अस्सल मराठी जेवण. पिठलं-भाकरी, भरली वांगी, मटकीची उसळ, भडंग. मी सांगलीचा आहे. नदीकाठच्या गावाला काय लागतं ते मला कोणी शिकवू नये.

तत्त्व एकच. नान नाही. मैद्याचा तो हत्तीच्या कानाएवढा, मध लावलेला गिळगिळीत प्रकार खाऊन या देशाला वाटतं की आपण भारत खाल्ला. हायवेवरच्या मॉलमध्ये तेच मिळतं. शी.

मंगळवार, ७ एप्रिल

गल्लीच्या मंडळाची मीटिंग. अध्यक्ष सुगिमोतो-सान, सत्तरीचे, टोफूवाले, विधुर. अडीच तास. त्यातला पाऊण तास झेंड्याच्या रंगावर. शेवटी ठरलं: आमच्या घरासमोरचं गोदाम मला दोन महिने चाचणीसाठी. २६ एप्रिल ते २८ जून. गल्लीतले लोक जेवायला येतात असं दिसलं, तर पुढची पाच वर्षं माझं.

गल्लीतले लोक. एकोणीस घरं. हे काय टार्गेट झालं? मी तोयोसूत याच्या शंभरपट मोठी प्रोजेक्ट्स सांभाळली आहेत.

कल्पनाने विचारलं, आणि नाही जमलं तर? म्हटलं, तर जुनी कंपनी आहेच. सोमवार ते शुक्रवार निशी-कसाईत, कंपनीतल्या धीरजकडे राहायचं, शनिवार-रविवार इथे.  ती म्हणाली की लेकीला, कादंबरीला, हे आत्ता सांगू नकोस.

सांगायची वेळच येणार नाही.

सोमवार, १३ एप्रिल

सकाळी दाराच्या मुठीला कापडी पिशवी लटकलेली. आत एक फळी! जाड, गुळगुळीत, वर दणकट क्लिप, टांगायला दोरी. क्लिपमध्ये जपानी कागदांचा गठ्ठा. वर एकोणीस घरांची यादी, पहिल्या तिघांसमोर लाल शिक्के, इथे सहीऐवजी मारतात तसे. चौथं नाव माझं, हाताने लिहिलेलं. जरा भरून आलं. प्रत्येक घराला अशी एक द्यायची म्हणजे मंडळाची ऐपत आहे म्हणायची.

कागद वाचले नाहीत. जपानीची लेव्हल टू परीक्षा मी जवळजवळ पास आहे, दोन मार्कांनी राहिली. पण सरकारी भाषा वाचायची म्हणजे डोकं उठतं. आमच्या सोसायटीतसुद्धा नोटिसा जिन्याखाली लागायच्या आणि त्या कोणीही वाचायचं नाही.

बुधवार, १५ एप्रिल

कादंबरी शाळेतून आली, फळी पाहिली आणि जपानीत सुरू झाली. बोट फळीकडे, मग शेजारच्या ओगाताआजींच्या घराकडे, पुन्हा फळीकडे. तिला सांगितलं, घरात मराठी. मराठीत सांगशील तरच ऐकेन. तिने दोनदा तोंड उघडलं, शब्द सापडला नाही, तोंड पाडून आत गेली.

आठ वर्षांची मुलगी आणि मातृभाषेत एक वाक्य येत नाही. जीव जळतो. संकल्प: रोज संध्याकाळी अर्धा तास मराठी. उद्यापासून.

रविवार, १९ एप्रिल

ब्रँडिंग पूर्ण. फळीवरच्या कागदांवर माझा मेनू लावला. क्लिप एवढी मजबूत की कागद काढायचीही गरज पडली नाही, उलट गठ्ठ्यामुळे मेनूला उठाव आला. सगळ्यात वर ठळक जपानी अक्षरांत: इथे नान मिळणार नाही.

मराठीचा अर्धा तास अजून सुरू झालेला नाही. ओपनिंगनंतर.

रविवार, २६ एप्रिल, रात्री ८

सॉफ्ट लाँच म्हणू.

साठ जणांचं पिठलं केलं होतं. ज्वारीचं पीठ धीरजने निशी-कसाईहून पाठवलेलं, भाकऱ्या मी हातावर थापल्या. बरोबर बारा वाजता सात जण एकदम आले. पहिल्या घरातले चौघं, दुसऱ्यातले दोघं आणि सुगिमोतो-सान. सगळे काळपट कपड्यांत, हातात ऑर्किडची कुंडी. लग्नाला आले की मयताला, कळेना.

दारात टांगलेल्या फळीसमोर सातही जण थांबले. कितीतरी वेळ बघत होते.  शेवटी सुगिमोतो-सान दातांतून श्वास ओढून म्हणाले की फळी छान दिसते. मी म्हटलं, थँक यू.

जेवले. अगदी मुकाट. पण सगळं लक्ष दाराकडे, जणू आणखी कोणी यायचं आहे. मग दोन वाजता कमरेत वाकून गेले.

त्यानंतर कोणीही नाही.

बारा घरं तर माझ्या डोळ्यांदेखत दारात बसून होती. नव्या माणसाच्या दुकानात पाऊल टाकायचं नाही, एवढा कोता स्वभाव! आणि हे गाव रिव्हाइव्ह करायचं.

पिठलं संपवायला तीन दिवस लागतील. कल्पना म्हणाली की निमंत्रण दिलं होतंस का घरोघरी? म्हटलं, ते काम मंडळाचं. सुगिमोतो-सान स्वतः म्हणाले होते, मंडळ कळवेल. मंडळाने काय दिवे लावले ते दिसलंच.

शुक्रवार, १ मे

ओगाताआजी. वय एक्याऐंशी, पाठीला पोक, डोक्यावर गोल टोपी. रोज साडेदहाला गोदामासमोर उभी. फळी वाचते. मग मला विचारते की तुम्ही फार कामात असाल ना. हो म्हटलं की वाकते आणि जाते. आज म्हणाली की यंदा सगळंच उशिरा पोचतंय, नाही का. मी म्हटलं, हो ना, ज्वारीचं पीठसुद्धा.

रेसिपी चोरते आहे. पिठल्याचं प्रमाण मेनूवर नाही हे बरं.

जाताना नात्तो देऊन गेली. आंबलेले सोयाबीन. पायमोज्याचा वास, वर तारा सुटलेल्या. दोन बोटांनी उचलून फेकलं. कादंबरी ओरडली, तिला आवडतं म्हणे. हिला मराठी येत नाही, पण हे आवडतं.

मंगळवार, ५ मे

सुट्टीचा आठवडा, तरी गल्ली ओस. मॉलच्या पार्किंगमध्ये मात्र गाड्या मावत नव्हत्या. मुद्दाम सायकलने जाऊन बघून आलो. नानच्या दुकानाबाहेर रांग. चीज नान. चॉकलेट नान. 

एक कुटुंब चुकून माझ्याकडे आलं. नान आहे का विचारलं. बसवून घेतलं, महाराष्ट्राचा नकाशा काढला, नदी, ज्वारी, कोरडवाहू शेती, सगळं वीस मिनिटांत समजावलं. त्यांनी खूप माना डोलावल्या आणि निघून गेले. जेवले नाहीत, पण एज्युकेशन झालं. मार्केट असंच तयार होतं.

रविवार, १० मे, सकाळी ७

खिडकीत चहा घेतोय. नदीकाठ सफाईचा दिवस दिसतो. हातमोजे घालून गवत उपटणारे एकूण सात. तेच सात. एकोणीस घरांतून सात माणसं! जपानी शिस्त म्हणे, जपानी टीमवर्क म्हणे. सांगलीत पूर ओसरल्यावर आमची अख्खी आळी फावडी घेऊन उतरायची. इथे बाकीची गल्ली झोपलेली.

मी गेलो नाही. मला कोणी सांगितलं नव्हतं.

साडेनऊला बाकीच्या घरांतली माणसं एकेक करून बाहेर आली आणि उपटलेल्या गवताचे ढीग बघून ओशाळल्यासारखी उभी राहिली. लाज वाटली असेल. वाटायलाच हवी.

गुरुवार, २१ मे

नवा तमाशा. काचेच्या बाटल्यांचा दिवस बदलला आहे म्हणे. पहिल्या तीन घरांशिवाय सगळ्या गल्लीने जुन्याच दिवशी बाटल्या ठेवल्या. कचऱ्याची गाडी चिठ्ठी चिकटवून निघून गेली. दिवसभर गल्लीत बाटल्या आणि त्यावर माश्या. मीही ठेवल्या होत्या, पण माझी गोष्ट वेगळी, मी परका आहे.

आणि या लोकांना अस्सल चव कळावी अशी माझी अपेक्षा. छे.

आजची गिऱ्हाइकं: एक. पोस्टमन. पाणी प्यायला.

शनिवार, ३० मे

धीरज आला, मुलाला घेऊन. जेवला. फीडबॅक मागितला. म्हणाला की पिठलं झकास आहे, पण भाकरीबरोबर चमचा देऊ नकोस. त्याचा अद्वय सहा वर्षांचा. त्याने नान मागितला.

मी उठून नदीवर गेलो.

धीरजने जाताना सांगितलं की कंपनीत मॅनेजरने माझी चौकशी केली होती. जागा अजून भरलेली नाही. मी म्हटलं, भरा म्हणावं. कादंबरी दाराआड उभी होती. तिने ऐकलं असावं. रात्री माझ्या अंथरुणात येऊन झोपली, काही बोलली नाही. ना मराठीत, ना जपानीत.

मराठीचा अर्धा तास: उद्यापासून नक्की.

रविवार, ७ जून

किळस, किळस, किळस.

सकाळी नऊला भोंगा वाजला. भूकंपाचा. मी टेबलाखाली. कुठे काही हलेना. बाहेर आलो तर सगळी गल्ली रस्त्यावर. कोणी पायमोज्यांवर, कोणी अर्धी दाढी झालेली. ओगाताआजी रस्त्याच्या मधोमध बसलेली, डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटखाली टोपी तशीच.  तिचा नवरा २०११ला त्याच भोंग्यानंतर गोदामात सामान आणायला गेला आणि भिंत पडली. हे आज कळलं.

सुगिमोतो-सान धावत आले. ड्रिल होतं. नुसतं ड्रिल. त्यांनी खाली बसून तिचे हात धरले आणि माफी मागत राहिले, कितीदा तरी. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या दारावरच्या फळीकडे. मग पुन्हा माझ्याकडे. मला राग आला. मी काय केलं?

म्हाताऱ्या बाईला आधी सांगायला नको? चार वर्षांत काही शिकलं नाही हे मंडळ. एक साधी नोटीस फिरवता येत नाही यांना! मंगळवारच्या मीटिंगमध्ये उभं राहून बोलणार आहे.

मंगळवार, ९ जून

बोललो. कम्युनिकेशन या विषयावर. दहा मिनिटं. पिनड्रॉप सायलेन्स. कोणी वर बघेना. सगळे टेबलाकडे बघत होते. एवढा परिणाम मी अपेक्षिला नव्हता.

संपल्यावर सुगिमोतो-सान म्हणाले की फळीबद्दल एकदा सवडीने बोलू. मी म्हटलं, मेनू बदलायचा विचार नाही.

रविवार, २१ जून

पाऊस. गिऱ्हाईक नाही. पावसामुळे.

सोमवार, २२ जून

ऊन. गिऱ्हाईक नाही. उन्हामुळे.

ओगाताआजी मात्र आली. ड्रिलनंतर दोन आठवड्यांनी पहिल्यांदा. काठी टेकत. फळीतली पहिली ओळ वाचली, सुस्कारा सोडला, म्हणाली की आत अजून कागद दिसतायत. मी म्हटलं, सपोर्टसाठी आहेत. ती म्हणाली, हो का, हो का, आणि गेली.

रविवार, २८ जून, दुपारी ४

संपलं.

निर्णय द्यायला मंडळाने पंचेचाळीस मिनिटं लावली. आधी हवा. मग नदीची पातळी. मग सुगिमोतो-सानांनी दातांतून श्वास ओढला आणि म्हणाले की जरा अवघड आहे. जरा अवघड म्हणजे नाही. एवढं जपानी मला येतं. गल्लीतले लोक आले नाहीत, असं कारण.

गोदामात आता पॅनकेकचं दुकान येणार आहे. मॅस्कॉटच्या आकाराचे पॅनकेक.

या गावाची लायकी तीच आहे. चाळीस वर्षांचा मी, सहा सहा तास उभा राहून भाकऱ्या थापल्या, बोटं पोळली, आणि एका घराला समोरचा रस्ता ओलांडून यावंसं वाटलं नाही. काय चुकलं माझं? एक नान केला नाही, एवढंच.

धीरजला मेसेज केला. पुढच्या सोमवारपासून येतो.

कादंबरीला कल्पनाने सांगितलं. ती म्हणाली, मला माहीत आहे. मराठीत म्हणाली.

मंगळवार, ३० जून

आवराआवर. शेगड्या मंडळाला परत. ऑर्किड वाळली होती. फळी उतरवली आणि मेनू फाडून टाकला. फळी ठेवून घेणार होतो, निशी-कसाईच्या खोलीत टेबलासारखी होईल म्हणून.

कादंबरी येऊन शेजारी बसली. पहिल्या कागदावर बोट ठेवलं आणि मराठीत वाचायला लागली. हळूहळू, एकेक शब्द. अडली की आईकडे बघायची आणि कल्पना पुरवायची. मी खोकी बांधत होतो तेवढ्यात दोघींनी तयारी केली असावी.

एक: बाटल्यांचा दिवस बदलला आहे.

दोन: दहा मे, नदीकाठ सफाई, सकाळी साडेसहा.

तीन: सात जूनला नऊ वाजता भोंगा वाजेल. तो फक्त सराव आहे. घाबरू नये. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना शेजाऱ्यांनी स्वतः जाऊन सांगावे.

चार: आपल्या गल्लीत नवे शेजारी आले आहेत. २६ एप्रिलला त्यांचं दुकान उघडतं. सगळ्यांनी मिळून जेवायला जाऊ. किती जण येणार ते खाली लिहावे.

खाली तीन आकडे. चार. दोन. एक. मग माझं नाव, पुढे कोरी जागा. मग पंधरा घरं, पंधरा कोऱ्या जागा.

सगळ्यात शेवटी बारीक अक्षरांत एक ओळ होती. ती कादंबरीने न अडता वाचली. वाचून झाल्यावर शिक्का मारून पुढच्या घरी द्यावी.

म्हणाली, हेच सांगत होते, तेव्हा शब्द येत नव्हते.

एकच फळी. अख्ख्या गल्लीला एकच. आणि ती मी दोन महिने माझ्या दारावर टांगली, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. आणि कम्युनिकेशनवर दहा मिनिटं बोललो.

ओगाताआजींचं घर पाचवं.

आज आणखी काही लिहवत नाही.

बुधवार, १ जुलै

सकाळी शिक्का मारला. तारखेच्या चौकटीत खरी तारीख घातली. फळी घेऊन पाचव्या घरी गेलो. मुठीला अडकवून पळून येणार होतो, पण दार उघडंच होतं आणि ती पायरीवर बसलेली.

माफी मागितली. गुडघ्यांवर बसून, कपाळ टेकून. फळीबद्दल, भोंग्याबद्दल. ती म्हणाली की तुम्ही फार कामात होता.

मग तिने चष्मा लावला, चारही कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले, आतून शिक्का आणला, मारला. चौथ्या कागदावर आपल्या नावापुढे लिहिलं: एक. मी सांगितलं की ती तारीख गेली, दुकान बंद झालं, शेगड्याही दिल्या. तिला ते ठाऊक होतं. पण फळी आज आली, म्हणाली. किती वाजता येऊ?

बारा म्हटलं.

दुपारी ३

बाराला दहा कमी असताना आली. टोपी नवी. घरच्या गॅसवर पिठलं टाकलं, दोन भाकऱ्या थापल्या, भडंग काढलं. कल्पनाने अर्धी रजा घेतली होती. कादंबरी दोन्हीकडचं भाषांतर करत होती, मला वाटायचं त्याहून कितीतरी चांगलं.

आजीने सगळं खाल्लं. ताट पुसून घेतलं. हात जोडले. मग मांडीवरची टोपी फिरवत बसली. मग कादंबरीच्या कानात काहीतरी बोलली आणि लाजली.

दोन महिने ती रोज साडेदहाला येऊन पहिली ओळ बघायची, ती पुसली गेली का ते. मॉल लांब आहे, बस जात नाही. जन्मात एकदा नान खायची इच्छा आहे, म्हणते.

कल्पना माझ्याकडे बघेना. तोंड दाबून बसली होती.

नान नाही हे तत्त्व दुकानाचं होतं. हे घर आहे.

मैदा होता. मळायला घेतला.